गंजी-चित्रमाला (मोने)

गंजी-चित्रमाला : फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याने नॉर्मंडीतील झिव्हर्नी या खेड्यात १८९०–९१ मध्ये रंगविलेली तैलचित्रे. शिवारात एक किंवा दोन गंज्या, मागे झाडांची रांग, घरांची छपरे आणि टेकड्यांची फिकट रेघ, एवढाच विषय. उन्हाळा सरता सरता सुरू झालेली ही चित्रे शरद, हिमवर्षाव आणि बर्फ वितळण्याचे दिवस यांतून जातात. मोनेच्या समग्र चित्रांची सूची करणाऱ्या व्हिल्डेनस्टाइनच्या सूचीत ती १२६६ ते १२९० या क्रमांकांखाली, म्हणजे पंचवीस आहेत. त्याच शिवारात १८८८–८९ च्या सुमारास केलेली काही चित्रे काही अभ्यासक यांत धरतात, त्यामुळे संख्या तीसच्या आसपास जाते. पंचवीस हाच आकडा सोयीचा वाटतो, कारण आधीच्या चित्रांत मालिकेचा ठरवून केलेला विचार दिसत नाही.

या चित्रांचे नाव अजून स्थिरावलेले नाही. मूळ फ्रेंच शब्द ‘म्यल’. त्याचा अर्थ नुसती रास किंवा गंजी. ती कशाची हे पुढचा शब्द जोडल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीतून ती ‘गवताच्या गंज्या’ म्हणून रूढ झाली आणि मराठीतही तेच आले. वास्तविक हे गवत नव्हे. मळणीची वाट पाहणाऱ्या, लोंब्यांसकट रचलेल्या धान्याच्या पेंढ्यांचे हे ढीग आहेत. उंची सुमारे साडेचार ते सहा मीटर, खाली गोलाकार भिंत आणि वर पावसाचे पाणी निथळून जावे म्हणून काडाने शाकारलेला शंकू. मळणीयंत्र गावोगाव फिरत असल्याने पाळी येईपर्यंत कित्येक महिने जात. म्हणूनच कापणीनंतरचे हे ढीग बर्फातही उभे दिसतात. मोनेने १८८० च्या दशकाच्या मध्यात खऱ्या वाळल्या गवताचे ढीगही रंगविले होते. ते बुटके व बेडौल असून दोहोंतला फरक नजरेला लगेच कळतो. शिकागो व लॉस अँजेलिस येथील संग्रहालये आता ‘गव्हाच्या’, बॉस्टनचे ‘धान्याची’, तर एडिंबरोचे अजून ‘गवताच्या’ असे शीर्षक वापरते. मराठीत खरे तर ही अडचण यायला नको होती. गंजी बहुधा गवताची किंवा वैरणीची. कणसांसकट पेंढ्या रचल्या की सुडी, काही भागांत बुचाड, कोकणात भाताची उडवी. प्रदेशागणिक हे अर्थ थोडे सरकतात, तरी ‘सुडी’ हा शब्द या चित्रांना अधिक नेमका बसतो. येथे केवळ रूढीमुळे ‘गंजी’ ठेवला आहे.

चित्रमालेच्या जन्माची कथा मोनेने उतारवयात, १९२० मध्ये, ड्यूक द त्रेव्हिझ यांना सांगितली. ढगाळ हवेसाठी एक व उन्हासाठी एक, असे दोन कॅनव्हास पुरतील असा त्याचा समज होता; पण उजेड बदलत गेला आणि त्याने सावत्र मुलगी ब्लांशला घरून आणखी एक, मग आणखी एक कॅनव्हास आणायला पिटाळले. कथा गोड आहे, पण अभ्यासकांनी ती जपूनच घेतली आहे. ७ ऑक्टोबर १८९० रोजी समीक्षक गुस्ताव्ह झेफ्रॉय यास लिहिलेल्या पत्रात मोने सूर्य इतका लवकर मावळतो की पाठ पुरवता येत नाही, अशी तक्रार करतो. त्याच पत्रात ‘तत्क्षणता’ आणि वस्तूला सर्वत्र वेढणारे एकच प्रकाशाचे ‘वेष्टन’ हे आपले ध्येय असल्याचे तो सांगतो. चित्रपृष्ठे मात्र क्षणात झालेली नाहीत. वाळलेल्या जाड थरांवर पुन्हा रंग चढवलेला दिसतो, म्हणजे एकेका चित्रावर अनेक बैठका झाल्या. शेवटचा हात चित्रशाळेत, सगळी चित्रे शेजारी शेजारी ठेवून फिरवला गेला, हे कला-इतिहासकार रॉबर्ट हर्बर्ट व जॉन हाउस यांच्या वळणाचे मत आज अधिक ग्राह्य धरले जाते. म्हणून कालनिश्चितीही सैलच ठेवावी लागते. उन्हाळाअखेरच्या चित्रावरही ‘९१’ असा आकडा आढळतो. तो चित्र पुरे झाल्याचा, शेतात उभे राहिल्याचा नव्हे.

ऋतुचक्र हा विषय नवा नव्हता. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेलच्या १५६५ च्या मासचित्रांपैकी (वर्षातील महिन्यांवरच्या चित्रांपैकी) पाच उपलब्ध आहेत. मूळ सहा की बारा यावर वाद असला तरी सहा हे मत वरचढ आहे. मोनेला अधिक जवळचा पूर्वज म्हणजे फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रांस्वा मिले. त्याच्या ‘चार ऋतू’ या संचातील शरदात गंज्याच आहेत, आणि १८७५ मध्ये तो वारला तेव्हा शिशिर अपुरा राहिला होता. फरक असा की ब्रॉयगेल व मिले यांच्या शेतात माणसे व जनावरे वावरतात. मोनेच्या शेतात कोणी नाही. या निर्मनुष्यतेमागे कला-इतिहासकार पॉल टकर यांना सुपीक फ्रान्सचा अभिमान दिसतो, तर इतर काहींना जपानी छापचित्रमालांचा प्रभाव. मोनेकडे अशा छापचित्रांचा मोठा संग्रह होता, हे दुसऱ्या मताला पूरक असले तरी पुरावा नव्हे.

मे १८९१ मध्ये पॅरिसच्या द्युराँ-र्‍युएल दालनात यांतील पंधरा चित्रे एकत्र मांडली गेली. सूचिपत्राची प्रस्तावना झेफ्रॉयची. मागणी त्याआधीच वाढली होती. लोकांना सध्या फक्त मोनेच हवा आहे, अशी कुरकुर मोनेचा सहकारी चित्रकार पिसारो याने एप्रिलमध्येच मुलाला लिहिलेल्या पत्रात केली आहे. पुढे मॉस्कोतील एका प्रदर्शनात, साधारणतः १८९६ मध्ये, पुढे अमूर्त चित्रकलेचा प्रवर्तक ठरलेल्या रशियन चित्रकार व्हासिली कान्डिन्स्कीला यांतले एक चित्र सूचिपत्र पाहीपर्यंत कशाचे आहे तेच उमगले नाही. अमूर्त कलेच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख नेहमी येतो. तो त्याने स्वतःच १९१३ मध्ये लिहिला आहे.

चित्रे आज विखुरलेली आहेत. सर्वांत मोठा संच, सहा चित्रांचा, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पॅरिसच्या म्यूझे दॉर्सेत उन्हाळाअखेरचे एक. खाजगी हातांतील एक चित्र १४ मे २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे ११ कोटी ७ लाख डॉलरना विकले गेले.