वायफायवालं एटीएम कार्ड अन् मेट्रोत चालणारं एनसीएमसी कार्ड, दोन्ही टेकवायचेच ना, मग फरक काय भो?

जळगाव-धुळ्यात कुठे मेट्रो आहे, आपल्याला काय करायचं याचं, असं म्हणणाऱ्यांचीच पोरं पुण्याला शिकायला असतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. ट्रॅव्हल्समधून सकाळी सकाळी पुण्यात उतरायचं, मेट्रोच्या गेटवर बँकेचं कार्ड टेकवायचं अन् गेट ढिम्म, खात्यात पंधरा हजार पडलेले असले तरी.

पैसे खात्यात आहेत, कार्डात नाहीत. सगळा घोळ इथेच आहे.

साध्या डेबिट कार्डावर त्या चार वाकड्या रेघा असतात बघा, लोक त्याला वायफाय म्हणतात पण वायफायचा काही संबंध नाही, ते एनएफसी, म्हणजे जवळ धरलं की कार्ड अन् मशीन आपापसात बोलतात ते तंत्र, मशीनपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आतच चालतं. फुले मार्केटमध्ये दुकानदाराच्या मशीनवर टेकवलं की मशीन बँकेला विचारतं, बँक हो म्हणाली की खात्यातून पैसे जातात. 5000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही (1 जानेवारी 2021 च्या आधी ही मर्यादा 2000 होती). नवीन कार्डावर ही सोय बंदच येते, ॲपमध्ये जाऊन चालू करावी लागते, अन् लोक उगाच दुकानदाराच्या मशीनला नावं ठेवतात.

एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, मार्च 2019 मध्ये आलेलं ते 'एक देश एक कार्ड'वालं. यात चिपमध्येच वेगळी शिल्लक असते, जास्तीत जास्त 2000. गेट बँकेला काही विचारतच नाही, कारण ऑफिसच्या टायमाला मागे रांग लागलेली, त्यात स्टेशन जमिनीखाली, तिथे नेटवर्कची वाट कोण बघणार. आत जाताना कुठून बसलात ते कार्डावर नोंदवतं, बाहेर पडताना भाडं कापतं, संपलं. लंडनच्या मेट्रोत 2014 पासून साधं बँकेचं कार्डही चालतं, पण तिथे दिवसभराचे टॅप जमा करून हिशोब नंतर लावतात, आपल्याकडच्या गेटांची रचनाच वेगळी.

आता खरी गंमत अशी की बऱ्याच बँका रुपे डेबिट कार्ड एनसीएमसीवालंच देतात, म्हणजे एकाच प्लास्टिकवर दोन्ही. तेच कार्ड दुकानात टेकवलं तर खात्यातून जाणार, मेट्रोत टेकवलं तर चिपमधून, अन् चिपमध्ये तुम्ही कधी काही टाकलेलंच नसतं! मेट्रोच्या काउंटरवर पैसे देऊन भरता येतं. ॲपवरून भरलं तरी काम अर्धंच, ते पैसे चिपमध्ये उतरवायला कार्ड एकदा मशीनला लावावं लागतं, हे कोणी धड सांगत नाही.

हरवलं तर? बँकेला फोन करून कार्ड बंद केलं की खातं वाचतं. चिपमधले मात्र खिशातून पडलेल्या नोटेसारखे, ज्याला सापडले त्याचे, तिथे पिन नाही अन् बँक भरूनही देत नाही. व्याजही नाही त्यावर. म्हणून दोन-तीनशेच ठेवा, एकदम 2000 भरून ठेवायची हौस कशाला.

माझं विचाराल तर पोरगं रोज मेट्रोने कॉलेजला जाणार असेल तरच हे कार्ड वापरात आणा. लग्नकार्यापुरतं पुण्याला जाणाऱ्यांनी सरळ व्हॉट्सॲपवर क्यूआर तिकीट काढावं.