दहा गाणी की एकोणीस? ग्रीन डेच्या पहिल्या अल्बमचा घोळ

मार्च २०२५मध्ये ग्रीन डे हा अमेरिकन पंक बँड महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला आणि त्यांचा जुना माल धुंडाळणाऱ्यांची आपल्याकडे नवी भर पडली. त्यासोबत तो जुना वादही आला: या बँडचा पहिला अल्बम भारी की भिकार? एक म्हणतो, खरा ग्रीन डे तिथेच आहे, पुढचा सगळा पैशाचा खेळ. दुसरा म्हणतो, अर्ध्यावर कंटाळा येतो, गाणी संपता संपत नाहीत आणि शेवटी शेवटी तर पोरं नवशिकी वाटतात. तिसरा ‘डुकी’ या अल्बममधलं ‘बास्केट केस’ हे गाणं पुढे करून दोघांना गप्प करायला बघतो. हे भांडण वाचून वाचून वीट आलाय, कारण तिघं तीन वेगळ्या रेकॉर्डबद्दल बोलत असतात आणि ते एकालाही कळलेलं नसतं.

तिसऱ्याचं आधी उरकू. ‘डुकी’ हा पहिला अल्बम नव्हे, तिसरा. फेब्रुवारी १९९४मध्ये तो रिप्राइजने काढला, रॉब कॅव्हॅलो निर्माता, एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर खप. बड्या कंपनीकडचा तो पहिला, एवढंच. त्याआधी लुकआउट या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने ‘३९/स्मूद’ आणि ‘केरप्लंक’ काढले होते. ‘वेलकम टू पॅराडाइज’ दोन ठिकाणी सापडतं ते त्यामुळेच: ‘केरप्लंक’मधलं गाणं ‘डुकी’साठी पुन्हा रेकॉर्ड केलं. ‘डुकी’ तुम्हाला पाठ असणार, त्यावर आणखी शाई घालवत नाही.

खरी गल्लत पुढच्या दोन नावांत होते. ‘३९/स्मूद’ आणि ‘१,०३९/स्मूद्ड आउट स्लॅपी आवर्स’. दिसायला जुळ्या बहिणी, पण पहिला अल्बम आहे आणि दुसरं संकलन.

‘३९/स्मूद’ एप्रिल १९९०मध्ये आला. दहा गाणी, जेमतेम अर्धा तास. ‘अ‍ॅट द लायब्ररी’ने सुरू होतो, ‘द जजेस डॉटर’ने संपतो. ‘१,०३९’ १९९१चं. एकोणीस गाणी, तासाला थोडी कमी. त्यात ‘३९/स्मूद’ अख्खा आहे, त्याच क्रमाने. त्यामागे ‘स्लॅपी’ या ईपीची, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डची, चार गाणी, त्यामागे ‘१,००० आवर्स’ या ईपीची चार, आणि शेवटी ‘आय वॉन्ट टू बी ऑन टीव्ही’ हे एक सुटं गाणं, तेही मुळात फँग या दुसऱ्या बँडचं. संकलनाचं ते अगडबंब नाव म्हणजे या तिन्ही रेकॉर्डींची नावं एकमेकांत कोंबून केलेली खिचडी. कव्हरवर दोन्हीकडे तीच, दफनभूमीत उभी असलेली मुलगी. गोंधळ व्हायला आणखी काय हवं?

आणि झालाच. १९९१ची सीडी निघाली ती एकोणीस गाण्यांची. दहा गाण्यांचा अल्बम राहिला तबकडीवर, म्हणजे ज्यांच्याकडे टर्नटेबल होता त्यांच्याकडे. ‘डुकी’ गाजला तेव्हा ‘यांचं आधीचं काय आहे?’ म्हणत दुकानात गेलेल्या पोराच्या हातात पडली ती सीडीच. तीस वर्षं झाली, जगातले बहुतेक लोक ज्याला ‘ग्रीन डेचा पहिला अल्बम’ म्हणतात ते हे संकलन आहे. भरीत भर म्हणून २००५मध्ये थकलेल्या रॉयल्टीवरून बँडने लुकआउटकडून आपल्या मूळ टेप काढून घेतल्या आणि २००७मध्ये ते जुनं सगळं रिप्राइजतर्फे पुन्हा बाजारात आलं. त्यामुळे मागच्या बाजूला ‘डुकी’वाल्या कंपनीचं नाव बघून ‘म्हणजे हेही मोठ्या कंपनीनेच काढलं होतं की’ असं ठासून सांगणारी एक नवी जमात तयार झाली. नाही हो. तेव्हा त्यातली दोघं सतरा-अठराची होती आणि कोणतीही बडी कंपनी त्यांच्या दारात उभी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, नऊ गाणी जास्त मिळाली तर बिघडलं काय? इथेच लोक घसरतात. नऊ गाणी जास्त आहेत एवढाच फरक असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. फरक क्रमाचा आहे.

‘१,००० आवर्स’ ही त्यांची पहिलीवहिली रेकॉर्ड, १९८९ची. ‘३९/स्मूद’ १९८९ संपून १९९० उजाडताना, ऐन नववर्षाच्या आगेमागे काही दिवसांत रेकॉर्ड झाला. ‘स्लॅपी’ त्यानंतरची, १९९०चीच. म्हणजे काळाच्या हिशेबाने आधी ‘१,००० आवर्स’, मग अल्बम, मग ‘स्लॅपी’. संकलनात मात्र आधी अल्बम, मग ‘स्लॅपी’, मग ‘१,००० आवर्स’. मधलं पहिलं, सगळ्यात नवं मधे आणि सगळ्यात जुनं शेवटी. एखाद्या कवीच्या पहिल्या संग्रहामागे आधी त्याच्या नंतरच्या कविता आणि त्यामागे कॉलेजच्या भित्तिपत्रकातल्या कविता शिवून टाकाव्यात, आणि वाचकाने ‘हा उत्तरार्धात ढेपाळला’ असा शेरा मारावा, तशातली गत.

शेरा नेमका हाच असतो. ‘पहिली दहा ठीक, मग मधे जरा उसळी, शेवटी घसरण’ अशा अर्थाची मतं मी इतक्या वेळा वाचलीयत की आता पहिल्या ओळीतच ओळखू येतं, समोरच्याने सीडी ऐकलीय. त्याच्या कानांचं काही चुकलेलं नाही. ‘स्लॅपी’मध्ये उसळी आहेच. ‘पेपर लँटर्न्स’ आणि ‘४०९ इन युअर कॉफीमेकर’ ऐका. चाल आधीच्यापेक्षा मोकळी, कडव्यातून ध्रुवपदात जाताना आधी धडपडणारी पोरं आता सहज वळतायत. ‘केरप्लंक’ची चाहूल तिथेच लागते. आणि पंधरावं गाणं सुरू झालं की आवाज पुन्हा कोवळा, शब्द पुन्हा पहिल्या प्रेमातले, ताल पुन्हा जपून जपून. घसरण ऐकू येते कारण तुम्ही एक-दीड वर्ष मागे ढकलले गेलात. बँड मागे गेलेला नाही. पण निकाल लागतो तो ‘३९/स्मूद’च्या नावावर, ज्यात यातलं एकही गाणं नाही! दोन गुण कापायचे तर संकलन जुळवणाऱ्याचे कापा.

उलट बाजूचेही असेच फसतात. ‘पहिला अल्बम महान आहे, ‘नॉलेज’ ऐका’ असं म्हणणारा भेटला की मला हसू येतं. ‘नॉलेज’ ‘स्लॅपी’वरचं आहे, अल्बमवरचं नाही. आणि ग्रीन डेचं तर मुळीच नाही, ते ऑपरेशन आयव्ही या दुसऱ्या बँडचं. पुढे कित्येक वर्षं मैफलीत प्रेक्षकांतल्या पोरांना स्टेजवर बोलावून, त्यांच्या हाती वाद्यं देऊन हे गाणं वाजवून घ्यायचे, म्हणून ते डोक्यात घट्ट बसलंय. गाणं झकासच आहे. पण दुसऱ्याच्या गाण्यावर दुसऱ्याच रेकॉर्डमधून यांच्या पहिल्या अल्बमला पास करणं म्हणजे फारच झालं.

मला विचाराल तर ‘३९/स्मूद’ स्वतंत्रपणे, ‘द जजेस डॉटर’पाशी थांबून ऐकायचा. तसा ऐकला की कंटाळ्याची तक्रार बरीचशी विरते. अर्ध्या तासात उरकणारा, आखूड, थोडा लाजरा अल्बम आहे. ‘गोइंग टू पासालाक्वा’ हे यातलं सर्वांत पक्कं गाणं. ज्याला ‘डुकी’ आवडतो त्याला हे आवडणार नाही असं होऊच शकत नाही. ‘डिसअपिअरिंग बॉय’ आणि ‘१६’ त्याच्या पाठोपाठ. ‘रेस्ट’ मात्र मला कधीच झेपलं नाही: संथ, लांबण लावणारं, आणि सतराव्या वर्षी एवढं थकायचं कारण काय ते समजत नाही. बँडचा गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग या काळात गिटारचे सोलो भरभरून घ्यायचा, थोडे मेटलच्या वळणाचे. ‘डुकी’पर्यंत ते बहुतेक गळून पडले. कुणाला ते सोलो गोड वाटतात, कुणाला बाळबोध. हा वाद खरा आहे. तो जरूर घाला.

खरा आणखी एक वाद आहे, आणि तो सीडीच्याही आधीचा. हा बँड बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या पंक मैफलींच्या जागेच्या आसपास वाढला. तिथलं वातावरण राजकारणाने भारलेलं, बड्या कंपन्यांच्या बँडना दार बंद. त्या गर्दीत ही पोरं वाचनालयात दिसलेल्या मुलीवर गाणी म्हणत होती. म्हणजे जो अल्बम आज काहींना ‘खरा, कच्चा पंक’ वाटतो, तोच तिथल्या कडव्या मंडळींच्या मोजपट्टीवर गुळचट ठरणारा होता. ‘डुकी’नंतर बँड विकला गेला असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: गोड चाल आणि प्रेमाचं रडगाणं पैशांबरोबर आलेलं नाही, ते पहिल्या दिवसापासून होतं. पैशांबरोबर गिलमनचं दार तेवढं बंद झालं. २०१५मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात ते पुन्हा तिथे वाजवू शकले.

ड्रमरबद्दल थोडक्यात, कारण यात समजायला अवघड काही नाही, तरी चूक सार्वत्रिक आहे. ‘३९/स्मूद’वर ट्रे कूल, म्हणजे बँडचा ‘केरप्लंक’पासूनचा ड्रमर, नाही. दोन्ही ईपींवरही नाही. तिथे वाजवतो जॉन किफमायर, ज्याला अल सोब्रान्ते या टोपणनावानेही ओळखतात. अल्बममधल्या ‘आय वॉज देअर’चे शब्दही त्याचे. तो शिकायला म्हणून बाहेर पडला आणि ट्रे आला, म्हणून ‘केरप्लंक’ एकदम अंगात आल्यासारखा वाजतो. किफमायरचा हात सरळ, नेमका, जेवढ्यास तेवढा. ट्रेसारखे घरंगळत येणारे तुकडे त्याच्याकडे नाहीत. ‘पहिल्या अल्बमवर ट्रे अजून तयार नव्हता’ असं लिहिणाऱ्याने निदान मागची नावं वाचावीत. २०१५मध्ये ग्रीन डेला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा मान मिळाला तिघांनाच. पण त्याच्या आधी क्लीव्हलँडमध्ये केलेल्या कार्यक्रमात त्यांनी किफमायरला सोबत घेऊन, स्वीट चिल्ड्रन या आपल्या जुन्या नावाने वाजवलं. ते मला पुरस्कारापेक्षा बरं वाटलं.

आणि एक, ज्याने माझं डोकं हमखास फिरतं: ‘रेकॉर्डिंग भंगार आहे, स्वस्तातला स्टुडिओ असणार.’ हा अल्बम सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्ट ऑफ इअर्स स्टुडिओत अँडी अर्न्स्टने रेकॉर्ड केला. ‘केरप्लंक’ही तिथलाच, त्याच माणसाचा. स्टुडिओ तोच, माणूस तोच, मग ‘केरप्लंक’ एवढा भरीव कसा? मधल्या दीड वर्षात गाड्यांमधून गावोगाव फिरून बँड वाजवायला शिकला आणि ड्रमर बदलला म्हणून. ‘३९/स्मूद’चा आवाज किरकोळ आहे हे मान्य. पण किरकोळ वाजवणाऱ्या पोरांचा आवाज किरकोळच रेकॉर्ड होणार, त्याला यंत्रं काय करतील?

तेव्हा यापुढे कुणी या अल्बमबद्दल तावातावाने बोलू लागला तर एवढंच विचारा, शेवटचं गाणं कुठलं? ‘द जजेस डॉटर’ म्हणाला तर बसा, चहा मागवा, बोला. ‘आय वॉन्ट टू बी ऑन टीव्ही’ म्हणाला तर त्याचं मत संकलनाबद्दल आहे, आणि संकलनाबद्दल ते बरोबरही असू शकेल. मला स्वतःला सलग एकोणीस गाणी ऐकवत नाहीत. पण ‘स्लॅपी’ची चार गाणी सुटी काढून ऐकतो, आणि अल्बमपेक्षा ती चार सरस आहेत हे माझं ठाम मत आहे. वेगवेगळं ऐकायचं असेल तर २००९मध्ये तबकडीवर जे पुनर्मुद्रण निघालं त्यात दहा गाण्यांचा मूळ अल्बम आणि दोन्ही ईपी आपापल्या जागी वेगळ्या ठेवल्या आहेत. ते नसेल तर दहाव्या गाण्यानंतर बटण दाबायचं, फुकट आहे.

जाता जाता: ‘केरप्लंक’च्या सीडीचीही हीच तऱ्हा. अल्बम बारा गाण्यांचा. मागची चार ‘स्वीट चिल्ड्रन’ या १९९०च्या ईपीतली, किफमायरच्या हातची, त्यात द हू या ब्रिटिश बँडच्या ‘माय जनरेशन’ची नक्कलही आली. ‘केरप्लंक’ शेवटी मार खातो असं म्हणणारे त्यावर भांडत बसलेले असतातच.