इंजिन लीन चालणं आणि त्याचं निदान

इंजिन लीन चालतंय म्हणजे सिलिंडरमध्ये जाणाऱ्या मिक्स्चरमध्ये हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे. १ भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, या प्रमाणाला लॅम्बडा १ म्हणतात, हवा त्यापेक्षा वाढली की लीन आणि पेट्रोल वाढलं की रिच. गॅरेजमध्ये लीन हा शब्द फारसा ऐकू येत नाही, तिथे "गाडी एअर घेतेय" नाहीतर "पेट्रोल कमी पडतंय" असं म्हणतात, आणि खरं तर ही दोन वाक्यंच जास्त कामाची आहेत, कारण निदान म्हणजे शेवटी या दोनातलं कुठलं खरं ते ठरवणं.

लक्षणं ओळखीची असतात. सकाळी थंड गाडी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू असताना, थरथरते, सिग्नलला बंद पडते, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसतो, घाटात लोडवर नॉकिंग, म्हणजे इंजिनाची टकटक, ऐकू येतं. फुल लोडवर बराच काळ लीन चालवली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळू शकतात, त्यामुळे "चेक लाइट लागलीय पण गाडी चालतेय ना" हा हिशोब महागात पडतो. कार्बोरेटरच्या जमान्यात परीक्षा सोपी होती, गरम इंजिनला थोडा चोक (हवा अडवून मिक्स्चर रिच करणारी झडप) ओढायचा, गाडी सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच. प्लग काढून पांढरा पडलाय का तेही बघायचे, पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चांगला प्लगही फिकटच दिसतो, त्यावरून फार अंदाज बांधू नये.

इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी ऑक्सिजन सेन्सर असतो. नेहमीचा साधा सेन्सर मिक्स्चर लीन असताना ०.१ व्होल्टच्या आसपास आणि रिच असताना ०.९ च्या आसपास दाखवतो, आणि धडधाकट गाडीत तो या दोन टोकांमध्ये सतत वरखाली होत असतो. ते बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती वाढवायचं किंवा कमी करायचं ते ठरवतो, या दुरुस्तीच्या टक्केवारीला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे आत्ता या क्षणी चाललेली दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे गाडीला लागलेली सवय. दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असली तर काळजी नाही, बऱ्याच गाड्यांत ती अधिक २० ते २५ च्या पुढे जाऊन तिथेच राहिली की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ हा लीनचा कोड टाकतो. व्ही सिक्ससारख्या दोन बँकांच्या, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या, इंजिनात दुसऱ्या बँकेसाठी पी०१७४.

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कोडमध्ये लीन आलं की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त एक्झॉस्टमधला ऑक्सिजन कळतो. एक सिलिंडर मिसिंग मारत असेल, म्हणजे त्यात मिक्स्चर पेटतच नसेल, तर त्यातली न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि सेन्सर म्हणतो लीन, सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर पुन्हा म्हणतो लीन, आणि दोन्ही वेळा तो खोटं बोलत नसतो. सेन्सरवर संशय असेलच तर इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, थोडा कार्ब क्लीनर (जळणारा सफाईचा स्प्रे) मारून बघावा, रीडिंग लगेच ०.८ च्या वर उडालं तर सेन्सर जिवंत आहे.

खरं निदान ट्रिमच्या दोन रीडिंगमध्ये असतं, एक स्लोवर आणि एक २५०० आरपीएमवर धरून. समजा स्लोवर लाँग टर्म अधिक १८ आणि शॉर्ट टर्म अधिक ५, म्हणजे एकूण २३, आणि २५०० ला तेच दोन्ही मिळून ५ वर आले. याचा अर्थ गाडी कुठूनतरी एअर घेतेय. दीड लिटरचं इंजिन स्लोवर सेकंदाला अडीचेक ग्रॅम हवा ओढतं, त्यात अर्धा ग्रॅम न मोजता फटीतून आली तर ती पाचवा हिस्सा झाली, पण २५०० ला एकूण हवा आठ-नऊ ग्रॅमवर जाते आणि तोच अर्धा ग्रॅम किरकोळ ठरतो. उलट स्लोवर सगळं ठीक आणि लोड वाढवला की ट्रिम चढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर घाण होऊन हवा कमी मोजतोय.

हा नियम हवा मोजणाऱ्या, म्हणजे एअर फ्लो सेन्सरच्या गाड्यांचा. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्याला फटीतून आलेली हवाही कळते आणि ईसीयू तेवढं पेट्रोल सोडतो, म्हणून अशी गाडी लीन दाखवण्यापेक्षा स्लोची रेस चढवून बसते. हे माहीत नसलं की माणूस ट्रिम बघत बसतो आणि फट तशीच राहते.

फट शोधायची तर आधी कान आणि हात. एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडीचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा) रबरी पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, इंजिनचा ब्रीदर पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, हे नेहमीचे गिऱ्हाईक. ब्रीदर पाइप वरून ठणठणीत दिसतो, तडा असतो तो वळणाच्या खालच्या अंगाला, आणि पाइप बोटांनी वाकवल्याशिवाय तो उघडतच नाही. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात, त्यांनी कुरतडलेला पाइप दिसला तर पुढचं डोकं खाजवायची गरजच नाही. कार्ब क्लीनर थोडा थोडा मारून रेस कुठे बदलते ते बघता येतं, पण गरम एक्झॉस्टजवळ ते पेट घेतं, सांभाळून. सगळ्यात खात्रीचं म्हणजे स्मोक मशीन, इनटेकमध्ये धूर भरायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं.

पेट्रोल कमी पडत असेल तर रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, गेज लावायचं, पोर्ट इंजेक्शनच्या (इनटेकमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. प्रेशर स्लोवर बरोबर आणि रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरला पडत असेल तर पंप दमलाय किंवा फिल्टर चोक आहे, आणि बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर टाकीतच पंपाबरोबर असल्यामुळे वर्षानुवर्षं कोणी त्याकडे बघत नाही. एअर फ्लो सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुवावा, कापडाने पुसू नये, आतली तार केसापेक्षा नाजूक असते.

सीएनजी किटच्या गाडीत एक फुकटची परीक्षा हाताशी असते. फक्त सीएनजीवर लीन आणि पेट्रोलवर व्यवस्थित असेल तर इंजिन सोडा, गॅसचा फिल्टर, गॅसचं प्रेशर कमी करणारा रिड्यूसर आणि किटचं ट्युनिंग बघा. दोन्हीवर लीन असेल तर हवेकडे आधी बघा.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल हल्ली फार बोललं जातं. इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असतो आणि ते जळायला साधारण ९ पटच हवा लागते, त्यामुळे ई२० चं प्रमाण १३.५ च्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवाली धडधाकट गाडी हे ट्रिममध्ये सात-आठ टक्के वाढवून निभावून नेते, पण आधीच बारा-पंधरावर टेकलेली गाडी नेमकी याच वेळी कोड टाकते आणि दोष पेट्रोलला जातो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला मात्र ट्रिम नाहीच, तिथे जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलल्याशिवाय किंवा मिक्स्चरचा स्क्रू फिरवल्याशिवाय ती थोडी लीनच राहणार.

काम झाल्यावर नुसता कोड डिलीट करून गाडी देऊ नये, ट्रिमही रिसेट करावा, नाहीतर जुन्या सवयीप्रमाणे गाडी काही दिवस रिच पळते आणि गिऱ्हाईक ॲव्हरेज पडलं म्हणून परत येतं. मग स्कॅनर लावूनच एक चक्कर मारायची, थोडी स्लोवर, थोडी हायवेला, आणि लाँग टर्म शून्याच्या आसपास स्थिरावतोय का ते बघायचं.