पुठ्ठ्यावरची अक्षरं

बेळगावजवळच्या खानापूरच्या आमच्या मामांच्या उशाशी एक पुठ्ठा असे. त्यावर मामीनं स्केचपेननं 'अ' ते 'ज्ञ' लिहिलं होतं. ती एकेका अक्षरावर बोट ठेवी. हवं ते आलं की मामा डोळे मिटत. 'प' आणि 'ठ' झालं की पुढचं न विचारता ती त्यांना कुशीवर वळवून पाठ खाजवी. मामांना मोटर न्यूरॉन डिसीज होता, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींचा आजार. त्यात हातपाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास जातो. नजर आणि बहुतेकांचं भान शाबूत राहतं.

पॅरिसचे मज्जातज्ज्ञ शार्को यांनी १८६९मध्ये या आजाराचं वर्णन केलं. रिलुझोल हे पहिलं औषध यायला १९९५ उजाडलं, आणि तेही आयुष्य काही महिनेच वाढवतं. म्हणून खरी भिस्त शुश्रूषेवर. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनला काढलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारातल्यांच्या शुश्रूषागृहात, कॅन्सरच्या रुग्णांबरोबर या आजाराच्या रुग्णांनाही घेत. आपल्याकडे ही सेवा कॅन्सरचंच बोट धरून आली: १९८६मध्ये मुंबईचं शांती आवेदना सदन, १९९३मध्ये केरळातली कालिकतची संस्था. त्यामुळे गाठ नाही, तर 'पॅलिएटिव्ह' (त्रास हलका करणारी शुश्रूषा) कशाला, असं घरच्यांना आजही वाटतं. पण धाप कमी करायची असते, लाळ आवरायची असते, नळीनं भरवायचं का हे ठरवायचं असतं. मॉर्फिनची छोटी मात्रा धापेवरही उतारा देते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं ते मिळणं मुश्कील केलं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी झाली.

शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं वैद्यकीय इच्छापत्र सुप्रीम कोर्टानं मान्य केलं ९ मार्च २०१८ला. त्याला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे; २०२३पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. जानेवारी २०२५मध्ये कर्नाटक सरकारनं परिपत्रक काढून रुग्णालयांना यासाठी वैद्यकीय मंडळं नेमायला सांगितलं.

सीमाभागात मात्र १९५६पासूनचा पेच इथेही आडवा येतो. घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत. व्हेंटिलेटर नको असेल तर ते माणसाची वाचा शाबूत आहे तोवर, त्याच्या भाषेत विचारून लिहून घ्यायला हवं. मामांचं कुणी घेतलं नाही. धाप वाढली तेव्हा त्यांची वाचा जाऊन चार महिने झाले होते. दवाखान्यात मामीपुढे कागद आला, तो तिला वाचता येईना. सही कुठे करायची एवढंच तिला दाखवलं. मामा तिच्याकडे टक लावून बघत होते. पुठ्ठा घरी राहिला होता.