कुआन्नेरसुइत: एका मताच्या निर्णयामागचा इतिहास

दक्षिण ग्रीनलंडमधलं नारसाक हे दीड हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. मासेमारी, सीलची शिकार आणि आसपासच्या कुरणांवरची मेंढपाळी यांवर त्याचं पोट चालतं. गावाजवळच्या कुआन्नेरसुइत डोंगरात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा प्रचंड साठा आहे. विजेच्या गाड्या आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांना लागणारं निओडिमियम त्यातच येतं. अडचण अशी, की युरेनियम आणि थोरियमही त्याच दगडात आहेत. एक काढायचं तर दुसरं उपसावंच लागतं.

ग्रीनलंडला खाणी नव्या नाहीत. इविट्टूटची क्रायोलाइटची खाण 1987 पर्यंत चालली. मार्मोरिलिकच्या शिसं-जस्ताच्या खाणीनं 1973 ते 1990 या काळात फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीचं पाणी शिशानं दूषित केलं. पण सगळ्यांत खोल सल आहे तो कुलिसाटचा. डिस्को बेटावर 1924 साली कोळशाची खाण सुरू झाली, तिच्याभोवती हजाराहून जास्त माणसांचं गाव वसलं. 1972 मध्ये खाण परवडत नाही म्हणून बंद केली, गाव उठवलं आणि माणसं दूरदूरच्या शहरांत पांगली.

कुआन्नेरसुइतचं युरेनियम, ग्रीनलंड ज्या राज्याचा स्वशासित भाग आहे त्या डेन्मार्कनं 1950 च्या दशकापासून तपासलं, तेव्हा नजर अणुऊर्जेवर होती. 1985 मध्ये तो विचारच सोडून दिला गेला आणि 1988 पासून युरेनियमबाबत ‘शून्य सहनशीलता’, म्हणजे युरेनियम निघेल अशी खाणच नको, हे धोरण झालं.

ते मोडलं 24 ऑक्टोबर 2013 रोजी ग्रीनलंडच्या संसदेत, 15 विरुद्ध 14 मतांनी. पुढचं सगळं भांडण या एका मतातून निघालं. बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. 2010 पासून खनिजांचा कारभार ग्रीनलंडकडे आला होता, निर्यात जवळजवळ सगळी मासळीची आणि दरवर्षी तीन अब्ज क्रोनरहून जास्त अनुदान डेन्मार्ककडून. स्वातंत्र्य हवं तर पैसा कुठून तरी उभा करायला हवाच. पण 2009 च्या स्वशासन कायद्यातली तरतूद त्या चर्चेत मागे पडली: खनिजांचं उत्पन्न साडेसात कोटी क्रोनरच्या वर गेलं, की वरच्या रकमेच्या निम्म्याइतकं अनुदान कापलं जातं. म्हणजे तिजोरीला मिळणारा फायदा वाटतो त्याहून बराच कमी, आणि खाणीची धूळ मात्र पूर्णपणे नारसाकच्या वाट्याची. खनिजाचा गाळ गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तासेक तळ्यात साठवायची योजना होती. एवढ्या मोठ्या निर्णयाला एका मताचं बहुमत पुरेसं मानायला नको होतं. सार्वमताची मागणी झाली होती, ते घेतलं गेलं नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये या खाणीच्या प्रस्तावावर जनसुनावण्या सुरू असतानाच सत्ताधारी आघाडी फुटली. 6 एप्रिलच्या निवडणुकीत प्रकल्पाला विरोध करणाऱ्या पक्षाला 31 पैकी 12 जागा मिळाल्या आणि सरकार बदललं. नोव्हेंबरमध्ये 12 विरुद्ध 9 मतांनी नवा कायदा झाला: दशलक्षात 100 भागांहून जास्त युरेनियम असलेल्या साठ्यावर खाणकाम नाही. कुआन्नेरसुइतचा दगड या मर्यादेच्या कितीतरी वर जातो. 2023 मध्ये इथे खाण काढू पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियन कंपनीचा खाणपरवान्याचा अर्ज फेटाळला गेला. त्याआधीच कंपनी लवादाकडे गेली होती. परवाना न मिळाल्यास तिनं मागितलेली भरपाई सुमारे 11.5 अब्ज डॉलर, ग्रीनलंडच्या वर्षभराच्या अर्थव्यवस्थेच्या कैकपट.

नारसाक आणि काकोर्तोक यांच्यामधल्या दुसऱ्या डोंगरात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा आणखी एक साठा आहे. त्यात युरेनियम कमी असल्यानं 2021 चा कायदा त्याला लागू होत नाही, आणि त्याला खाणकामाची परवानगी 2020 मध्येच मिळालेली आहे.