राऊटर टेबलावर कड सरळ करणे

रंधा मशीन न वापरता, टेबलाखाली उलट्या बसवलेल्या राऊटरने (वेगाने फिरणारे पाते, म्हणजे बिट, लावलेले विजेचे हत्यार) फळीची कड सरळ आणि तिच्या सपाट अंगाशी काटकोनात आणण्याची सुतारकामातील पद्धत. दोन फळ्या कडेला कड भिडवून चिकटवायच्या असतील, तर कडा अशा असाव्याच लागतात. सांध्यातून उजेड दिसला की फेव्हिकॉल कितीही ओतला तरी तो सांधा टिकत नाही. रंधा मशीन हे काम झटक्यात करते, पण ते ओतीव लोखंडाचे, जड आणि जागा अडवणारे असते. सोलापुरात घरालगतच्या एखाद्या खोलीत किंवा लहान गाळ्यात फर्निचर करणाऱ्याला ते परवडले तरी ठेवायला जागा नसते. घरगुती विजेवर चालणारा राऊटर कोपऱ्यात मावतो.

रंधा मशीनला दोन टेबले असतात. फळी आत जाते ते टेबल जितका काप घ्यायचा तितके खाली असते, आणि बाहेर येते ते टेबल पात्यांच्या सर्वांत वरच्या बिंदूशी समपातळीत. हीच रचना कुशीवर वळवली की राऊटर टेबल तयार होते. तिथे टेबलांची जागा गाईडचे, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या उभ्या पट्टीचे, दोन भाग घेतात. उजवा भाग कापाइतका मागे आणि डावा बिटच्या धारेशी एका रेषेत. हा फरक पाडण्यासाठी खास गाईड विकत घेण्याचे काही कारण नाही. एकसंध सरळ गाईडच्या डाव्या अर्ध्या भागावर सनमायकाची पट्टी चिकटवली की झाले. सनमायका साधारण ०.८ ते १ मिमी जाड असतो आणि एका फेरीत काढायला तेवढाच काप योग्य. त्याचे तुकडे प्रत्येक सुताराकडे पडलेले असतात.

सगळी अचूकता डाव्या भागाच्या जुळणीत आहे. राऊटरची विजेची पिन काढून ठेवावी, स्टीलची पट्टी डाव्या गाईडला टेकवावी आणि बिट हाताने फिरवावे. धार सर्वांत पुढे येते तिथे ती पट्टीला जेमतेम शिवली पाहिजे. डावा भाग पुढे राहिला तर फळी बिटपलीकडे गाईडच्या काठाला अडते. मागे राहिला तर फळीचे शेवटचे टोक उजव्या गाईडवरून सुटताच आत दबते आणि तिथे खाच पडते. अशी खाच दिसली की दोष हाताला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो जुळणीचा असतो.

वरून पाहता बिट घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची. उलट दिशेने नेली तर बिट ती हातातून हिसकावून घेते. बिट आणि गाईड यांच्या मधून फळी घालणे तर त्याहून घातक. बाक असलेल्या फळीची खोलगट बाजू गाईडकडे ठेवावी, म्हणजे ती दोन टोकांवर टेकते आणि डोलत नाही. पहिल्या फेऱ्यांत फक्त टोके कापली जातात. धार सलग लागू लागली की कड सरळ झाली. बाक फार असेल तर आधी करवतीने उतरवावा.

काटकोनाच्या बाबतीत दोन्ही यंत्रांत फरक आहे, तो फारसा लक्षात घेतला जात नाही. रंधा मशीनवर फळी उभी असते आणि काटकोन गाईड ठरवतो. राऊटर टेबलावर फळी आडवी झोपलेली असते, त्यामुळे काटकोन बिट टेबलाशी किती लंब आहे यावर ठरतो. तो गुण्या लावून बिटपाशीच तपासावा. थोडी चूक उरलीच, तर जोडीतल्या एका फळीचे दर्शनी अंग वर आणि दुसरीचे खाली ठेवून कडा काढाव्यात. एकीचा कोन जितका कमी तितका दुसरीचा जास्त होतो आणि सांधा सपाट बसतो.

ही पद्धत रंधा मशीनची पूर्ण जागा घेत नाही. फळीला पीळ असेल तर ती टेबलावरच नीट बसत नाही. अंग आधी हातरंध्याने सपाट करावे लागते. बिटची धार फळीच्या जाडीहून लांब हवी, म्हणून चौकटीचे जाड लाकूड इथे होत नाही. लांब फळीला तोकडा गाईड पुरत नाही. सोलापूरच्या हातमागावर ज्या लाकडी पट्टीवरून धोटा धावतो, तशा लांब कामाला वेगळी वाट आहे : सरळ प्लायची पट्टी फळीला दुहेरी टेपने चिकटवायची आणि बेअरिंगचे बिट, म्हणजे फिरती कडी बसवलेले, त्या पट्टीला टेकवून चालवायचे. हातमागाच्या पट्टीत थोडाही उंचवटा राहिला की धोटा उसळतो.

प्लाय आणि एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेली फळी) मात्र राऊटरच सरस. त्यांतला डिंक रंधा मशीनची साधी पोलादी पाती लवकर बोथट करतो, कार्बाइड या फार कठीण पदार्थाचे बिट टिकते. १२ मिमी दांड्याचे बिट ६ मिमीच्या दांड्यापेक्षा कमी थरथरते आणि कड गुळगुळीत येते. बिटचा व्यास वाढेल तसा वेग कमी ठेवावा.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो आणि लाकूड चांगलेच सुकते. पावसाळ्यात तेच पुन्हा फुगते. त्यामुळे कड काढून फळ्या आठवडाभर ठेवू नयेत, त्याच दिवशी चिकटवाव्यात. जुन्या वाड्याचे सागवान उत्तम मुरलेले असते, पण त्यात मोडके खिळे दडलेले असतात. एका खिळ्याने कार्बाइडची धार तुटते, म्हणून चुंबक फिरवून पाहिल्याशिवाय असे लाकूड राऊटरला देऊ नये.