साइटवरचे शब्द : घर बांधायला निघालेल्यांसाठी

काम सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात मिस्त्री विचारतो, "जोतं किती घ्यायचं? सोलिंग नऊ इंचीच ना?" घरमालक मान डोलावतो. शब्द कळलेला नसतो, पण विचारायला संकोच वाटतो. बांधकामात पुष्कळशा गोष्टी दुसऱ्या दिवशी माती, काँक्रीट किंवा गिलाव्याखाली झाकल्या जातात, त्यामुळे त्यांबद्दल विचारायचं तर वेळेवरच विचारावं लागतं. म्हणून हे पत्रक आम्ही काम घेतानाच हातात देतो.

आखणी ते जोतं

जमिनीवर फक्की मारून भिंतींच्या आणि कॉलमच्या रेषा काढतात, ती आखणी. साइटवर तिला 'लाइन आउट' म्हणतात. कोपरे काटकोनात आहेत का, ते गुण्या लावून बघतात. तुम्हालाही टेपने तपासता येतं : कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं, तर काटकोन पक्का. मोठ्या खोलीला ६, ८ आणि १० घ्या. त्या दिवशी आवर्जून या, कारण खोली तिरकी झाली तर ते फरशी बसवतानाच डोळ्यांत येतं आणि तेव्हा उपाय उरत नाही.

खोदाई किती, हे माती ठरवते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्यावर टेकवायचा नाही. कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं. खड्ड्याच्या तळाशी सळई नसलेल्या काँक्रीटचा थर घालतात, तो पीसीसी. त्यावर सळईची जाळी ठेवून भरतात ते फुटिंग, आणि त्यातून वर येतो तो कॉलम.

जोतं म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची. रस्ता पुढे डांबरीकरणाने उंच होत जातो, हे धरून जोतं घ्या. आत मुरूम भरताना तो थराथराने टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकायला हवा. एकदम ढीग लोटला तर वर्षा-दोन वर्षांत फरशी बसते. त्या मुरमावर दगड हाताने रचून केलेला थर म्हणजे सोलिंग.

ब्रास

सगळ्यात जास्त गोंधळ या शब्दाचा. वाळू, खडी आणि मुरमाचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा, फरशी यांसारख्या कामात मात्र एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, पण एकदा आकारमान आणि एकदा क्षेत्रफळ. दर ऐकताना कुठला ब्रास चालला आहे, ते विचारा.

गाडी आली की माल खाली करण्याआधी हौद्याचं माप घ्या. लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत गुणून १०० ने भागा. हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल साडेतीन फूट उंच असेल, तर २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. पावतीवर अडीच लिहिलं असेल, तर तिथेच बोला. ओतल्यानंतर ढिगाचं माप घेणं कठीण.

सळई आणि सूत

जुने मिस्त्री सळई सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १० मिमीची तीन सुती, १२ मिमीची चार सुती, १६ मिमीची पाच सुती. ८ मिमीला अडीच सुती म्हणतात.

वजन तपासायला एक सोपं गणित आहे : मिमीमधल्या व्यासाचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीला १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. १२ मीटरच्या अखंड सळईचं वजन साधारण १०.७ किलो यायला हवं. थोडा फरक कारखान्यातून येतोच. फारच हलकी भरली, तर परत पाठवा.

स्लॅबचा दिवस

सळई आणि साच्याच्या फळ्या यांच्यामध्ये काँक्रीटची जागा राहावी, म्हणून छोटे ठोकळे ठेवतात. ते कव्हर ब्लॉक. स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिमी कव्हर लागतं. ठोकळे वेगवेगळे असतात, ते एकाच पिशवीतून काढून सगळीकडे लावायचे नाहीत. आमच्याच एका जुन्या कामात जिन्याखाली ठोकळे कमी पडले होते. काही वर्षांनी सळई गंजली, फुगली आणि खालचं काँक्रीट खपल्यांनी सुटलं. दुरुस्ती आम्ही आमच्या खर्चाने केली. तेव्हापासून मिक्सर सुरू होण्याआधी ठोकळे मोजल्याशिवाय आम्ही काम पुढे नेत नाही, आणि तुम्हीही मोजलेत तर आम्हाला आवडेल.

'एम २०' म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिमीला २० न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट. त्याचं साधं प्रमाण एकास दीडास तीन : एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. मोजमाप मापाच्या पेटीने करायचं. घमेली भरताना कधी शीग, कधी सपाट अशी होतात. माल सरसर पळावा म्हणून जास्त पाणी ओतलं, की काँक्रीटची ताकद जाते. हे बघितलंत तर थांबवा, मिस्त्री कितीही घाईत असला तरी.

क्युअरिंग म्हणजे पाणी देणं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला किमान १० दिवस, हे भारतीय मानक आयएस ४५६ मधलं प्रमाण. उन्हाळ्यात आम्ही त्याहून जास्त दिवस सांगतो. सेंट्रिंग, म्हणजे खालचे टेकू आणि फळ्या, काढण्याची घाई करू नका : साध्या सिमेंटच्या स्लॅबला दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून जास्त असेल तर १४ दिवस राहू द्यायचे. पीपीसीला आणखी वेळ लागतो.

भिंत आणि गिलावा

भिंत उभी सरळ आहे का, ते ओळंब्याने कळतं. विटा लावण्याआधी भिजवायच्या, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतात. 'एकास चार', 'एकास सहा' ही सिमेंट आणि वाळूची प्रमाणं. दुसरा आकडा जितका मोठा, तितकं सिमेंट कमी. कॉलम आणि भिंत जिथे भेटतात, तिथे गिलाव्याआधी तारेची जाळी लावून घ्या, नेमकी तिथेच पहिली भेग पडते.

दर

'लेबर रेट' म्हणजे फक्त मजुरी, 'विथ मटेरियल' म्हणजे मालासह. चौरस फुटाचा दर ठरवताना मोजमाप कशाचं, ते कागदावर लिहून घ्या : जिना, बाल्कनी, पॅरापेट, पाण्याची टाकी आणि छज्जे त्यात धरले आहेत की वेगळे? आमच्या अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीपुढे माप आणि एकक लिहिलेलं असतं. एखादी ओळ समजली नाही, तर सही करण्याआधी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. पुढच्या भेटीत तिथूनच बोलायला सुरुवात करू.